पाणी वाळायच्या आत

आमच्या अंधेरीच्या घरी गाडी आली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यापुढे नारळ फोडला, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि ते लगेच रुमालाने पुसूनही टाकलं, कारण कुंकवाने रंग जातो म्हणे. मग आम्हा सगळ्यांना ओटीवर उभं करून त्यांनी नियम सांगितले. गाडीत बसताना पाय झटकायचे. काचेला नाक लावायचं नाही, हे माझ्यासाठी. गाडीत काही खायचं नाही, हे माझ्या आजोबांसाठी. आणि आणखी एक, तेही आजोबांसाठीच: "बाबा, तुम्ही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे तुमच्या." आजोबांनी मान डोलावली, गाडीभोवती एक चक्कर मारली, हाताने तिचं पोट चाचपलं आणि विचारलं, "ही म्हस खंयसून हाडलंस रे?"

ती गाडी दादांच्या कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाची. तो विलायतेला परत गेला आणि जाताना ती दादांना देऊन गेला. काळीकुळकुळीत, गोल खांद्यांची, आणि आतून जुन्या चामड्याचा वास येणारी. किती मैल चालली हे दाखवणारा आकडा साहेबाच्याच काळात अडकून बसला होता, आणि पुढे आमच्या सगळ्या उद्योगांना त्या आकड्याने फार मदत केली. दादा तिला नुसतं 'गाडी' म्हणत, पण त्या शब्दात त्यांच्या आवाजात जो आदर येई तो आमच्यापैकी कुणाच्याही नावाला येत नसे. आजोबा तिला शेवटपर्यंत म्हैसच म्हणाले.

घर मरोळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत होतं. पुढे ओटी, मागे अंगण, अंगणात विहीर, आणि घराच्या कुशीने मागे जाणारी एक चिंचोळी वाट. सकाळचं ऊन सगळं पुढच्या बाजूला पडे आणि मागचं अंगण दुपारपर्यंत गार असे. पलीकडे भातखाचरं होती आणि एक तबेला होता. सकाळी जाग यायची ती रहाटाच्या कुरकुरीने, नाहीतर तबेल्यातल्या भय्याच्या शिव्यांनी. नळाला पाणी पहाटे थोडा वेळ येई. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला विहिरीचं पाणी, आणि ते मोठं हट्टी पाणी होतं. त्यात डाळ शिजत नसे. साबणाला सहजी फेस येत नसे. न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला आतून खडूसारखा पांढरा थर धरे, तो आई वर्षातून दोनदा चिंच लावून खरवडून काढायची. त्या बंबाबद्दल मी इतकं सांगते आहे ते उगीच नाही.

रविवारी सकाळी दादा गाडी धूत. खाकी हाफपँट, गंजीफ्रॉक, डोक्यावर सोलाची हॅट. गाडी फाटकासमोर भर उन्हात उभी करायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. विहिरीच्या बादल्या मी आणून द्यायच्या आणि दादांनी त्या दुरून, नेम धरून, गाडीवर फेकायच्या. मग साबण, मग पुन्हा बादल्या, मग पाठीमागे हात बांधून ते मागे सरकत आणि गाडी 'आपोआप' वाळू देत. ती वाळे, आणि वाळता वाळता तिच्या अंगावर पांढरे डाग उमटू लागत. छतावर, बॉनेटवर, दारांवर, गोल गोल, कडा उठलेले. काळ्या रंगावर ते असे दिसत की आजोबा ओटीवरून विचारत, "म्हशीक देवी इल्यो काय रे?"

दादांचं म्हणणं, दोष रंगाचा. म्हणून त्यांनी स्वतः एक मलम तयार केलं होतं. मेण, अळशीचं तेल, थोडं रॉकेल आणि आणखी काहीतरी, जे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. ते लोणच्याच्या बरणीत ठेवलेलं असे. गाडी वाळली की फडक्याने ते सगळीकडे चोळायचं. डाग त्याने जात नसत, फक्त तेलकट होत. "मुरायला वेळ लागतो," दादा म्हणत, आणि हात धुऊन जेवायला बसत. सोमवारपासून शनिवारपर्यंत ते लोकलने ऑफिसला जात आणि गाडी पुढे छपरीत उभी राही.

आता आजोबांकडे येते. माझे आजोबा तरुणपणी कोकणात सर्व्हिस मोटर चालवत. घाटातल्या लाल रस्त्यांवरून कोंबड्या, आंब्याच्या पेट्या आणि माणसं ह्याच क्रमाने भरून नेत, असं ते सांगत. म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला, पण दोन गोष्टी सुटल्या नव्हत्या. एक गाडीची आणि दुसरी माशांची. आमच्या दारावर येणारी कोळीण दिवस चढल्यावर यायची, आणि तिच्या पाटीतल्या बांगड्यांकडे बघून आजोबा तोंड फिरवून बसायचे. वेसावे आमच्यापासून असं कितीसं लांब! तिथे सकाळी होड्या लागतात, मासळी पाटीत उड्या मारत असते, आणि इथे छपरीत गाडी नुसती उभी. हे दुःख ते आईला रोज भाकरी थापताना सांगत.

आईचंही एक दुःख होतं, पण ती ते सांगत नसे. गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने दादांना विचारलं होतं, "मला शिकवाल का हो चालवायला?" दादा हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानेच हसले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ही गंमत चार लोकांना सांगून आले. संध्याकाळी ते लोक कसे हसले तेही त्यांनी घरी येऊन सांगितलं. आईने भात वाढला. पुन्हा विचारलं नाही.

मग एका सकाळी दादा गेल्यावर आजोबा चुलीपाशी येऊन म्हणाले, "सुने, माका दिसणा नाय, पण गाडीचा आवाज आयकाक येता. तुका दिसता. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर व्हयत."

आईने हातातलं पीठ झटकलं. मला वाटलं, ती म्हणेल, मामंजी, काहीतरीच काय. ती म्हणाली, "किल्ली कपाटात वरच्या खणात असते."

माझी शाळा दुपारची, त्यामुळे मला घरी सोडता येईना आणि बाहेर बोलायला मोकळीही ठेवता येईना. मला मागच्या सीटवर घेण्यात आलं. सुरुवातीला तबेल्यामागच्या मोकळ्या माळावर, जिथे म्हशी चरत. आजोबा आईच्या शेजारी डोळे मिटून बसत आणि इंजिन ऐकत. "हळू गो. क्लच म्हणजे काय पायाखालचो विंचू नाय." "रडता बघ ती. गियर बदल." आई दात ओठांवर रोवून, पदर कमरेला खोचून, कुकरच्या शिट्या मोजाव्यात तशा एकाग्रतेने चालवी. (कुकर तेव्हा आमच्याकडे नव्हता, ही उपमा मला आज सुचली.) माळावरून कच्च्या रस्त्यावर, कच्च्यावरून डांबरावर, आणि पावसाळा सरून थंडी लागेस्तोवर आम्ही वेसाव्याला पोचलो होतो. त्या दिवशीचे बांगडे अजून माझ्या नाकात आहेत. आजोबांनी कोळणीशी तिच्याहून वरच्या आवाजात भाव केला, टोपली माझ्या मांडीवर दिली आणि परतीच्या वाटेवर गाडीत काही खायचं नाही हा नियम मोडून खिशातले शेंगदाणे काढले.

गल्लीतल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. गाडी काही पिशवीत घालून नेता येत नाही. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका आईला बघत, हात थांबवत, आणि पुन्हा कपडे झटकू लागत. त्यातल्या एकीनेही आपल्या नवऱ्याला सांगितलं नाही. आज माझ्या सोसायटीत कुणी नवा पडदा लावला तरी तासाभरात मोबाइलवर सगळ्यांना कळतं, तेव्हा मला त्या बायकांची आठवण येते आणि मनातल्या मनात मी त्यांना वाकून नमस्कार करते.

पण पहिल्याच फेरीला घात झाला. वेसाव्याच्या रस्त्याची धूळ, समुद्राची खारट हवा. गाडी अशी परतली की कुणीही विचारावं, कुठे गेली होती. आईने घाईघाईने ती फाटकासमोर उभी केली, दादा करत तसंच बादल्या मारून धुतली, आणि आम्ही मासे साफ करायला आत गेलो. बाहेर आलो तर ऊन चढलेलं, गाडी वाळलेली, आणि अंगभर डाग. बरं, आदल्या रविवारचे दादांचे डाग त्यांना पाठ होते. हे नवे होते.

संध्याकाळी दादा बूट न काढताच छपरीत उभे राहिले. "गाडीवर पाणी कुणी घातलं?"

"मीच," आजोबा म्हणाले. "कावळ्यान घाण केल्यान."

"एका कावळ्याने? छतापासून मडगार्डपर्यंत?"

"कावळो मोठो होतो."

दादांनी आजोबांकडे बराच वेळ पाहिलं. मग ताटावर बसल्यावर माझ्याकडे पाहिलं, आणि मी कढीत इतकं तोंड खुपसलं की नाकात गेली. ठसक्यामध्ये चौकशी बुडाली. बांगडे मात्र दादांना फार आवडले. "आज कोळणीने चांगले आणलेन," ते म्हणाले, आणि आजोबांनी काटा काढायच्या निमित्ताने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आई मागच्या दारात बराच वेळ बसून होती. पुढ्यात बंबाचं झाकण. ते तिने उलटं करून त्यावर विहिरीच्या पाण्याचे चार थेंब टाकले, शेजारी नळाच्या पाण्याचे चार, आणि उन्हात ठेवून दिलं. वाळल्यावर मला बोलावलं. विहिरीच्या थेंबांच्या जागी पांढऱ्या कडांचे गोल. नळाच्या जागी जवळजवळ काही नाही. "बघ," ती म्हणाली, "हा रंगाचा दोष नव्हे. बंबाच्या आत जे साचतं तेच हे. पाणी उडून जातं, आणि पाण्यातलं जे असतं ते मागे बसून राहतं. म्हणजे पाण्याला वाळूच द्यायचं नाही. आपण आधी पुसायचं." आणि जरा थांबून म्हणाली, "आणि शेवटचा हात डाळीच्या पाण्याचा." डाळीचं पाणी म्हणजे ज्यात डाळ शिजते ते, नळाचं.

तिथून आमची पद्धत बसत गेली. वेसाव्याहून आलं की गाडी घराच्या कुशीने मागच्या अंगणात न्यायची, सावलीत. ती वाट इतकी अरुंद की दोन्ही बाजूंना फक्त हात जाईल एवढी जागा, आणि तिथून गाडी उलटी घालायला आईला खरी विद्या लागली. आजोबा ओटीच्या टोकाला उभे राहून चाकांच्या आवाजावरून ओरडत, "डावीकडे काप गो! पुरे. आता सरळ." बॉनेट गार होईपर्यंत थांबायचं, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकल्याबरोबर वाळतं. मग आधी छत, मग काचा, मग खाली, आणि एका वेळी एकच भाग: ओला करायचा, साबण लावायचा, धुवायचा, आणि त्यावरचा साबण गेल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. साबण गाडीवर वाळताना दिसला की आई अस्वस्थ व्हायची. दूध उतू जाताना बाई जशी धावते तशी धावायची. शेवटी हंड्यातलं नळाचं पाणी, फेकायचं नाही, वरून हळूच सोडायचं, म्हणजे ते चादरीसारखं घसरत खाली जातं आणि थेंब मागे कमी राहतात.

पुसायच्या फडक्याने बराच छळ केला. पंचा खरखरीत, त्याचे ओरखडे उठले असते. आईचं जुनं पातळ रंग सोडू लागलं. शेवटी आजोबांचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं मलमलचं धोतर लागू पडलं. त्याने घासायचं नाही, अंगावर पसरून ओढायचं. एक धोतर पुरेना म्हणून दुसरं घेतलं. "नेसूक ठेवा एक तरी," आजोबा म्हणाले. आणि माझं काम सगळ्यात शेवटचं. गाडी पुसून झाली तरी दिव्यांच्या कडांमधून, आरशामागून, दारांच्या चकचकीत पट्ट्यांखालून पाणी मागाहून हळूच बाहेर येतं आणि खाली ओघळतं. ते ओघळ पकडायचे. हातात कोरडं फडकं घेऊन मी गाडीभोवती दबा धरून बसायची. आई दारं उघडून जोरात लावायची, कधी गाडी चार हात पुढेमागे करायची, म्हणजे लपलेलं पाणी बाहेर येई, आणि मी झडप घाली. शाळेत शिकवलेलं पुष्कळसं विसरले, पण अजूनही कुठल्या गाडीच्या आरशाखालून थेंब निघणार हे मी तुम्हाला लांबून सांगेन.

आता गंमत अशी की आम्ही गाडी फारच चांगली धूत होतो. रविवारी दादांनी डागाळून ठेवलेली गाडी बुधवारी आरशासारखी व्हायची. दादांच्या लक्षात यायला दोन-तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी ते छपरीत कंदील घेऊन गेले, गाडीभोवती फिरले, आणि आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो.

"मुरलं," दादा म्हणाले.

"काय हो?" आईने विचारलं.

"मलम. मी म्हणत होतो ना, वेळ लागतो? तिसऱ्या दिवशी डाग आपोआप नाहीसे होतात!"

आजोबांना खोकल्याची उबळ आली आणि ते उठून विहिरीकडे गेले. आई म्हणाली, "बाई! खरंच की."

हे एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण दादा ऑफिसात बोलले. त्यांचे साहेब देवधर म्हणून होते, खारला राहत. त्यांनी नुकतीच नवी कोरी गाडी घेतली होती, तीही काळी, आणि तिच्यावरही विहिरीच्या पाण्याचे डाग. दादांचं मलम त्यांच्या कानावर गेलं. "सामंत, मी रविवारी गाडीच घेऊन येतो तुमच्याकडे," ते म्हणाले. "करून दाखवा." दादा घरी आले ते छाती काढून. आईने फक्त विचारलं, "ते तीन दिवस थांबणार आहेत का?" दादा म्हणाले, "जादा लावू. लवकर मुरेल."

रविवारपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. खरं सांगावं तर सगळं बाहेर. न सांगावं तर साहेबांच्या नव्या गाडीला रॉकेल आणि अळशीचं तेल, आणि ऑफिसभर दादांचं हसं. आजोबांना त्यात मजाच वाटत होती. "होऊंदे हसां," ते म्हणाले. "तुका हसलो नाय तो?" आई म्हणाली, "मला हसलेलं चाललं, मामंजी. त्यांना कुणी हसलेलं मला नाही चालायचं." रविवारी पहाटे मी बघितलं तर नळाचे दोन हंडे आजोबा स्वतः भरून मागच्या दारी ठेवत होते.

देवधर साहेब आले. उंच, गोरे, बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. आईने घावणे आणि नारळाचा रस केला होता. साहेब ओटीवर खुर्चीत बसले, हातात ताटली, बोटं रसात. त्यांची गाडी फाटकासमोर भर उन्हात. दादांनी सोलाची हॅट चढवली, साहेबांना थोडं भाषण ऐकवलं, बादल्या फेकल्या आणि सबंध गाडीला, छतापासून खालपर्यंत, एका दमात साबण लावला. कोपरापर्यंत हात फेसात. शेजारी बरणी उघडी.

बॉनेटवरचा साबण वाळू लागला.

आई दारात उभी होती. मी तिच्या शेजारी. मला तिचा हात पदराशी चाळवताना दिसत होता. मग ती बाहेर आली आणि हसून, अगदी सहज म्हणाली, "अहो, गाडी आधी मागे सावलीत घ्यायची ना? तुम्हीच तर नेहमी सांगता."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. "मी?"

"तुम्हीच. ऊन लागलं की डाग पडतात म्हणता."

"हो हो," दादा म्हणाले. साहेबांसमोर ते दुसरं काय म्हणणार! "विसरलोच."

"घ्या की मागे," साहेब घावण्याचा घास घेत म्हणाले. "किल्ली गाडीतच आहे."

दादांनी आपले साबणाचे हात पाहिले, आतल्या नव्या सीटचं पांढरं कापड पाहिलं, आणि हात पुसायला काहीतरी शोधू लागले. त्यांना फडकं सापडेना. बॉनेटवर वरच्या बाजूने फेस फुटून पांढरी साय धरू लागली होती. आणि तेवढ्यात ते झालं. आईने विचार केला नाही, हे मी शपथेवर सांगते; विचार केला असता तर ती जागची हलली नसती. दूध उतू जात होतं आणि ती धावली. तिने पदर खोचला, दार उघडलं, बसली, गाडी सुरू केली, मान वळवून मागे पाहिलं आणि साहेबांची नवी कोरी गाडी उलटी घराच्या कुशीच्या वाटेत घातली.

आणि ओटीच्या टोकावरून, सवयीने, आजोबा ओरडले: "डावीकडे काप गो! पुरे. आता सरळ!"

गाडी भिंतीला न शिवता मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. इंजिन बंद झालं. तबेल्यातली एक म्हैस ओरडली. दादा फेसाचे हात पुढे धरून फाटकाशी उभे होते. आजोबांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला होता. साहेबांचा घास अर्ध्यावर.

"अहो सामंत!" साहेब उठून उभे राहिले. "तुमच्या मिसेस गाडी चालवतात? आणि काय चालवतात! आमच्याकडे मला स्वतःला जमत नाही असं. कधी बोलला नाहीत ते!"

दादांनी फेसाचे हात खाली घेतले. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यावरून काय काय सरकत गेलं: कावळा, बांगडे, आजोबांची धोतरं, तिसऱ्या दिवशी मुरणारं मलम. सगळं एकापाठोपाठ एक. आणि मग माझे दादा म्हणाले, "हो. मीच शिकवली."

मागच्या अंगणात साहेबांची गाडी आम्ही धुतली. आई दर वेळी "तुम्ही सांगता तसं" म्हणत होती आणि दादा मुकाट्याने तसं करत होते. एक एक भाग, वरून खाली, नळाचं पाणी हळूच, मग मलमलचं धोतर. मी थेंब पकडले. साहेब चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघत राहिले. एक डाग नव्हता. मलमाचं त्यांनी विचारलंच. दादा म्हणाले, "आता त्याची गरज राहिली नाही," आणि बरणी पायाने ओटीखाली ढकलली.

साहेब गेले. दादा दिवसभर बोलले नाहीत. जेवले, झोपले, उठले, चहा प्यायले. आजोबा कधी नव्हे ते देवापुढे जाऊन बसले होते. दिवेलागणीला आई ओटीवर तांदूळ निवडत होती तेव्हा दादा तिच्या शेजारी येऊन बसले. मी खिडकीच्या आत होते, आणि तिथून हलायचा माझा बेत नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

आई तांदळातला खडा उचलून म्हणाली, "तुम्ही नको म्हणाला असतात. मग मला ऐकावं लागलं असतं."

दादांनीही एक खडा शोधून बाजूला टाकला. मग म्हणाले, "खरं आहे. नकोच म्हणालो असतो." आणि त्यांनीच विचारलं, "वेसाव्याला जात होतात?"

"हं."

"तरीच." आणि मग, ऑफिसात कागदावर शेरा मारावा तसं, "साहेबांना मी सांगितलंय की मीच शिकवली. तेव्हा आता शिकवायला हवी. आणि लायसन्सशिवाय चालवायची नाही."

त्यानंतर जो महिना गेला तसा मजेचा महिना माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी दादा आईच्या शेजारी बसत आणि तिला गाडी शिकवत. "ह्याला क्लच म्हणतात." "असं का!" आई म्हणे. "हा हळू सोडायचा." "बरं." मागच्या सीटवर आजोबा आणि मी. आजोबा उपरण्याचा बोळा करून तोंडात धरत. मरोळच्या रस्त्यावर एकदा एक रेडा अचानक आडवा आला; आईने डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी त्याला वळसा घालून काढली आणि सरळ केली. दादांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता. तो सोडून, घसा साफ करून ते म्हणाले, "शिकतेयस. बरं शिकतेयस." आई म्हणाली, "तुम्ही समजावता छान." मी तिच्याकडे आरशातून पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. थोडीशी करत होती.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. मैदानात इन्स्पेक्टर खाकी कपड्यात, हातात पेन्सिल. तिथे आलेल्यांत आई एकटीच बाई होती. बाकीचे टॅक्सीवाले, एक-दोन गुजराती शेठ. तिने नवं पातळ नेसलं होतं आणि चप्पल काढून पायाशी ठेवली होती. इन्स्पेक्टर शेजारी बसला. त्याने तिचे अनवाणी पाय पाहिले, स्टिअरिंगवर ठेवलेले हात पाहिले. मग विचारलं, "बाई, तुम्हाला शिकवलं कुणी?"

खिडकीपाशी दादा उभे होते. ते अर्धं पाऊल पुढे सरकले. दुसऱ्या बाजूला आजोबा होते. त्यांनी टोपी सारखी केली.

आईने ना इकडे पाहिलं ना तिकडे. समोर बघून म्हणाली, "सासरच्यांनी."

आणि क्लच असा सोडला की गाडी कधी हलली ते कळलंसुद्धा नाही. ती मैदानाच्या टोकाला जाऊन वळेपर्यंत दादा आणि आजोबा धुरळ्यात तसेच उभे होते, आणि दोघांच्याही तोंडावरून दिसत होतं की ती आपल्याबद्दलच बोलली अशी त्यांची खात्री आहे.